नव्वद एफपीएस दिसतात, तरी गेम अडखळतो

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने दोन वर्षं पैसे साठवून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला होता. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. त्याच्या बजेटात चांगलीच जुळणी होती. पण पोरगा खट्टू होता. "मामा, कोपऱ्यात बघा ना, नव्वद एफपीएस दाखवतंय. तरी गेममध्ये वळलो की झटका बसतो. ओव्हरक्लॉक करून द्याल का?"

त्याने विचारलेल्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. झटका का बसतो, हा पहिला. वेग वाढवला तर तो जाईल का, हा दुसरा. बहुतेक जण पहिला प्रश्न ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी घेतात आणि तिथेच फसतात. म्हणून आधी झटक्याकडे बघू.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर आलेल्या चित्रांची संख्या. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. कोपऱ्यात दिसणारा नव्वदचा आकडा सेकंदभराची सरासरी असतो आणि सरासरीच्या पोटात बरंच काही दडतं. हिशोबच मांडू. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. समजा ८७ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाल्या. त्यात ८७० मिलिसेकंद गेले. उरलेल्या १३० मध्ये तीनच फ्रेम आल्या, म्हणजे एकेकीला ४३ मिलिसेकंद लागले. एकूण फ्रेम नव्वदच झाल्या, तेव्हा आकडा खोटा नाही. पण त्या तीन वेळा चित्र चौपट वेळ जागच्या जागी थांबलं आणि हातातला माउस मात्र पुढे सरकत राहिला. डोळ्याला टोचतं ते हे.

गावच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी पन्नास पोरं असतात. एकाचा ठेका चुकला की बघणाऱ्याची नजर नेमकी त्याच्यावर जाते. सगळ्यांची लय संथ असली तरी बघायला छान वाटतं, मोडलेली लय मात्र खुपते. फ्रेमचंही तसंच असतं. दर १६.७ मिलिसेकंदांनी न चुकता येणारी एकेक फ्रेम, म्हणजे सलग ६० एफपीएस, हे मध्येच गचके देणाऱ्या नव्वदपेक्षा कितीतरी सुखाचं वाटतं.

म्हणून स्मूथपणा मोजायचा तर सरासरी बाजूला ठेवून दोन गोष्टी बघायच्या. एक, फ्रेमटाइमचा आलेख. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या सोबत येणारं रिव्हाट्यूनर ही दोन फुकट सॉफ्टवेअर तो पडद्यावर काढून दाखवतात. रेघ सपाट हवी, सुया वर आलेल्या नकोत. दुसरी गोष्ट '१ टक्का लो'. सगळ्यांत उशिरा आलेल्या एक टक्का फ्रेमच्या हिशोबाने काढलेला हा एफपीएस असतो. भाच्याकडे सरासरी ९० होती आणि १ टक्का लो होता ३८. दुखणं त्या ३८ मध्ये होतं.

मॉनिटरचीही यात भूमिका असते. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमला मॉनिटरच्या पाळीची वाट बघायला लावणारं सेटिंग, चालू असेल आणि फ्रेम तयार व्हायला १७.२ मिलिसेकंद लागले, तर ती अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा पोहोचते, पण तिला पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे ३३.३ व्या मिलिसेकंदापर्यंत थांबावं लागतं. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. लोकल दोन सेकंदांनी चुकली तरी पुढची येईपर्यंत फलाटावरच उभं राहायचं. आणि अगदी इथे छोट्याशा ओव्हरक्लॉकचं मोल असतं. वेग पाच टक्के वाढला तर १७.२ चे १६.४ होतात आणि ती फ्रेम आपली गाडी पकडते. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेल्या मॉनिटरवर ही अडचण बरीच कमी होते, कारण तिथे मॉनिटरच फ्रेमसाठी थांबतो.

उशीर नेमका कोणाकडून होतोय?

फ्रेम दोघं मिळून बनवतात. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, दरवाजा उघडला का, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय रंगवायचं याची यादी पुढे देतो. ग्राफिक्स कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं. घरी पंगतीला पोळ्या करताना एक जण लाटतो, दुसरा भाजतो, तसं. लाटणारा मागे पडला तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारा मागे पडला तर लाटलेल्या पोळ्या साचतात. तव्याची आच वाढवायची की लाटण्याचा हात, हे कोण मागे पडतंय ते बघितल्याशिवाय कसं कळणार?

ओळखण्याची खूण सोपी आहे. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९७ ते ९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड जिवाच्या आकांताने राबतंय. अशा वेळी प्रोसेसर पळवून हाती काही लागत नाही. वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर तुम्ही स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड कोणाची तरी वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन कमी करून बघा. तरीही एफपीएस वाढले नाहीत, तर उशीर प्रोसेसरच्या किंवा रॅमच्या बाजूला आहे. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या हलक्या चित्रांच्या, भरपूर एफपीएसच्या गेममध्ये बहुधा प्रोसेसर कमी पडतो. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये बहुधा कार्ड.

भाच्याचं कार्ड ६५ टक्क्यांवर होतं. तवा रिकामा तापत होता.

ठोका वाढवायचा म्हणजे काय?

प्रोसेसरच्या आत अखंड एक ठोका चालू असतो आणि प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकतं. मदरबोर्डकडून १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका येतो, प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. १०० गुणिले ४४ म्हणजे ४४०० मेगाहर्ट्झ, अर्थात ४.४ गिगाहर्ट्झ. गुणक ४६ केला की ४.६. ओव्हरक्लॉकिंगचा गाभा एवढाच.

मग कंपनीनेच ४.६ का दिला नाही? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप बनतात आणि त्यातल्या दोन सारख्या नसतात. कंपनी एकेक चिप तपासून प्रतवारी लावते, हापूसच्या पेट्या लावतात तशी. छापील वेग असा ठरवते की त्या प्रतीतली सगळ्यांत अशक्त चिपसुद्धा, साध्या कूलरखाली, भर उन्हाळ्यात, वर्षानुवर्षं तो वेग पेलू शकेल. साहजिकच बऱ्याच चिपांमध्ये थोडी ताकद शिल्लक राहते. ती शिल्लक शोधून वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कोणाच्या वाट्याला किती येईल हे नशिबावर असतं, म्हणूनच या क्षेत्रातले लोक त्याला 'सिलिकॉन लॉटरी' म्हणतात.

एके काळी ही शिल्लक भरघोस असायची. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. ६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि साडेचारचा गुणक, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी मदरबोर्डवर मूळ ठोका १०० केला आणि तोच प्रोसेसर ४५० वर बिनतक्रार चालू लागला. एका सेटिंगमध्ये दीडपट वेग! त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असणारी झटपट मेमरी, लहान होती, १२८ केबी, पण ती चिपच्या आतच असल्याने प्रोसेसरच्याच वेगाने चालायची. त्यामुळे गेममध्ये तो कितीतरी महाग पेंटियम २ च्या खांद्याला खांदा लावायचा. ओव्हरक्लॉकिंगभोवती आजही जे वलय आहे, ते त्या काळाचं आहे.

आता परिस्थिती बदलली आहे. आजचे प्रोसेसर तापमान, वीज आणि कामाचा भार सतत तपासत स्वतःच वेग वर-खाली करतात. यालाच बूस्ट म्हणतात. पूर्वी आपण शोधायचो ती शिल्लक आता कंपनीच बऱ्याच अंशी वापरून टाकते. २०११ मध्ये एएमडीच्या (रायझन बनवणारी हीच कंपनी) एफएक्स प्रोसेसरला द्रवरूप हेलियमने गोठवून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेलं होतं, पण असे विक्रम काही मिनिटांचे असतात, रोजच्या खेळाशी त्यांचा संबंध नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हाताने ओव्हरक्लॉक करून माझ्या अनुभवात पाच-सात टक्के पदरात पडतात. तेवढेही कधी कधी उपयोगी पडतात, हे वर १७.२ च्या हिशोबात आलंच आहे. पण ३८ चा आकडा पाच टक्क्यांनी सुधारून ४० झाला असता. झटका तसाच राहिला असता.

रॅम: पैसे दिलेला वेग आधी मिळवा

मी भाच्याला टास्क मॅनेजर उघडायला लावला. परफॉर्मन्स, त्यात मेमरी, आणि तिथे स्पीड. आकडा होता २४००. रॅमच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं होतं ३२००.

हे फार घरांत आढळतं. रॅम नवीन बसवली की ती सावधगिरीच्या, सगळ्या मदरबोर्डांना चालेल अशा मूळ वेगाने चालू होते. खोक्यावरचा वेग रॅममध्येच एका प्रोफाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीसाठी २०२२ मध्ये आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन हे प्रोफाइल कोणीतरी चालू करावं लागतं. असेंबल करून देणाऱ्याने ते केलं नव्हतं, आणि भाच्याला कोणी सांगितलंही नव्हतं. दोन वर्षं साठवलेल्या पैशांतला काही भाग नुसता पडून होता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

त्यात आणखी एक चूक सापडली. दोन्ही रॅम शेजारशेजारच्या खाचांत होत्या. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. तसं केलं की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा मिळतात. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. शेजारी लावल्या की दोघींची गर्दी एकाच वाटेवर.

एफपीएसपेक्षा झटक्यावर याचा परिणाम जास्त का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. लाटणाऱ्याच्या हाताशी चार-सहा गोळे करून ठेवलेले असतात, ती प्रोसेसरची कॅश. ते आहेत तोवर हात भराभर चालतो. संपले की उठून परातीपाशी जावं लागतं, ती रॅम. गेममध्ये तुम्ही एका दिशेने चालत असता तेव्हा लागणारी बरीचशी माहिती कॅशमध्ये असते. एकदम वळलात, नवी खोली, नवी माणसं दिसली, की सगळं परातीतून आणावं लागतं. परात जितकी लांब, तितकी ती एक फ्रेम उशिरा. म्हणून भाच्याला झटका वळतानाच बसत होता.

परात किती लांब, हेही मोजता येतं. रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते, त्यामुळे ३२०० ची रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालते. (सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, ते बरोबर आहे.) सीएल१६ म्हणजे मागणी केल्यावर माहिती यायला १६ ठोके लागतात. १६०० च्या ठोक्याने ते १० नॅनोसेकंद होतात. तीच रॅम २४०० वर, सीएल१७ ने चालत असेल तर १४ नॅनोसेकंदांहून जास्त. शिवाय रायझन ५००० मालिकेत प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा जो रस्ता असतो, इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा, त्याचा वेग सहसा रॅमच्या ठोक्याशी बांधलेला असतो. रॅम २४०० वर म्हणजे तो रस्ताही १६०० ऐवजी १२०० वर. एक सेटिंग राहून गेलं आणि घरभर सगळेच हळू चालायला लागले, अशातला प्रकार.

रॅमच्या जागा बदलल्या, बायोसमध्ये प्रोफाइल चालू केलं, सेव्ह केलं. पंधरा मिनिटांचं काम. त्याच जागी, तोच गेम: सरासरी ९० वरून १०३, आणि १ टक्का लो ३८ वरून ६९. भाचा एकाच कोपऱ्यावर दहा वेळा वळून बघत होता.

कागदोपत्री एक्सएमपीसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, कारण प्रोसेसर कंपनीने हमी दिलेल्या वेगाच्या ते पलीकडे जाऊ शकतं. पण सगळ्या ओव्हरक्लॉकिंगमध्ये कमी धोक्याचा आणि जास्त फायद्याचा प्रकार हाच, असं माझं ठाम मत आहे. बाकी कशालाही हात लावण्याआधी हे तपासा.

व्होल्टेज आणि मे महिना

ठोका वाढवला की चिपमधल्या ट्रान्झिस्टरांना चालू-बंद व्हायला कमी वेळ मिळतो. तेवढ्या वेळात त्यांचं काम उरकलं नाही तर उत्तर चुकतं आणि गेम क्रॅश होतो किंवा निळा पडदा येतो. त्यांना घाई करायला लावण्याचा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. त्याची किंमत मात्र जबर असते. चिपला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

४.२ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून तुम्ही ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलात, असं धरू. वेग साडेनऊ टक्के वाढला. वीज? ठोक्यामुळे १.०९५ पट, व्होल्टेजमुळे १.२७ पट, मिळून जवळपास १.३९ पट. साडेनऊ टक्क्यांसाठी ३९ टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते.

कूलर काही हवा थंड करत नाही, तो चिपमधली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे चिपचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढून बसलेलं असतं. भर खेळात चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर राहत असेल, तर डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ती ६७ वर असेल. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ३९ वर असते, तेव्हा तीच चिप ८४ वर. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिथवर पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. वेग उतरतो, चिप थंड होते, वेग चढतो, पुन्हा तापते. हा चढ-उतार म्हणजे स्मूथपणाचा शत्रू. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आंधळेपणाने व्होल्टेज वाढवलं तर गेम आधीपेक्षा जास्त अडखळू शकतो, तो यामुळे. थंड देशातल्या कोणाचे आकडे बघून जसेच्या तसे टाकणं म्हणूनच चुकीचं आहे.

भाच्याचं कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं. ते बाहेर काढलं, जाळीतला धुळीचा थर ब्रशने साफ केला, आणि प्रोसेसरचं तापमान आठ अंशांनी उतरलं. विदर्भात घरोघरी डेझर्ट कूलर असतो. त्याची हवा खोलीला मिळू द्या, पण झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्या हवेत ओलावा असतो, पाण्याचे बारीक तुषारही येतात.

आता प्रत्यक्ष प्रोसेसर. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर गुणक वाढवण्यासाठी मोकळे असतात आणि त्यासाठी झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझनचा गुणक मोकळा असतो. ५८००एक्स३डी सारखे काही अपवाद आहेत, त्याचा गुणक कंपनीने बंदच ठेवला आहे. पण रायझनवर सगळ्या कोअर (प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एका वेगाला बांधून टाकण्याची जुनी पद्धत मी वापरत नाही. त्यात एक-दोन कोअरवर मिळणारा उंच बूस्ट जातो, आणि गेमला नेमका तोच हवा असतो. त्यापेक्षा पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, चालू करून त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. हा प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं खाली आणतो. उणे १० पासून सुरुवात करा. जमलं तर उणे १५, उणे २०. एकेक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून प्रोसेसर आपणहून जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. भाच्याची चिप उणे २० वर स्थिर राहिली, उणे २५ वर क्रॅश झाली. आम्ही उणे १५ वर थांबलो.

ग्राफिक्स कार्डाला हाच न्याय लागतो. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने वाढवत जायचं, मेमरी ५० किंवा १०० च्या. दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत, नाहीतर चूक कोणाची हे कळत नाही. पडद्यावर रंगीत ठिपके, चमकणारे त्रिकोण दिसले की मर्यादा ओलांडली. मेमरीची एक खोड लक्षात ठेवा. काही कार्डांची मेमरी चुकलेली माहिती गुपचूप पुन्हा मागवते. काहीच बिघडलेलं दिसत नाही, पण एफपीएस उलटे घटायला लागतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मोजमाप हवंच.

उन्हाळ्यासाठी मात्र मी कार्ड अंडरव्होल्ट करून देतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज कमी करतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. भाच्याच्या कार्डाला ०.९ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ बांधून दिले. १७० वॉटपर्यंत जाणारं कार्ड १३५ च्या आसपास राहायला लागलं, पंख्याचा आवाज निम्मा झाला, आणि एफपीएसमध्ये जेमतेम दोन-तीनचा फरक पडला. वेग सरळ रेषेत राहिला, हे जास्त महत्त्वाचं.

जमलं की नाही हे कसं ठरवायचं?

पाच मिनिटं गेम चालला म्हणजे ओव्हरक्लॉक स्थिर झाला असं नसतं. प्रोसेसरसाठी ओसीसीटी किंवा प्राइम९५ तासभर चालवा. प्राइम९५ मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. उत्तर एका अंकानेही चुकून चालत नसल्यामुळे प्रोसेसरची चूक ते चटकन पकडतं. अंडरव्होल्ट केलेला प्रोसेसर मात्र कधी कधी भाराखाली टिकतो आणि रिकामा बसलेला असताना कोसळतो, म्हणून दोन-चार दिवस रोजचं काम करून बघणंही चाचणीचाच भाग धरा. सोबत एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानावर डोळा ठेवा.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर लावा, आणि एकही चूक आली तरी वेग खाली आणा. याबाबत मी हट्टी आहे. प्रोसेसर चुकला तर बहुधा क्रॅश होतो, निदान कळतं तरी. रॅम चुकली तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते. आजीचे फोटो, प्रोजेक्टची फाइल हळूहळू खराब होते आणि महिन्यांनी लक्षात येतं. गेमच्या पाच एफपीएससाठी ही जोखीम कोणी घेऊ नये.

चिप जळते का, ही भीती सगळ्यांना असते. नुसता गुणक वाढवून आजची चिप सहसा मरत नाही, ती बंद पडून स्वतःला वाचवते. हानी होते ती जास्त व्होल्टेज आणि तापमान दीर्घकाळ राहिल्याने. चिपमधल्या केसाहून कितीतरी बारीक तारांतले धातूचे कण विजेच्या प्रवाहाबरोबर सरकत जातात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. अशी झिजलेली चिप पूर्वी सहज पेलायची तो वेग पेलेनाशी होते. व्होल्टेजचा विषय किती नाजूक आहे हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वापरकर्त्याने हातही न लावता अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं कारण पुढे आलं, इंटेलने त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर तुमच्याकडे असेल तर ओव्हरक्लॉक दूरच, आधी बायोस अपडेट करा. आणि हाताने ओव्हरक्लॉक केलं की वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हे धरूनच चाला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बिननावाचा, स्वस्तातला असेल तर या वाटेला जाऊच नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी फार काही नाही. बहुतेकांच्या बायोसमध्ये ही सेटिंग बंद असतात आणि २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर इंटेलच्या अनेक लॅपटॉपांवर अंडरव्होल्टिंगही बंद झालं. मागची बाजू उचलून हवा खेळती ठेवणं, धूळ काढणं, जुनी थर्मल पेस्ट बदलून घेणं आणि एफपीएसला मर्यादा घालणं, एवढं हातात आहे. ते पुष्कळ आहे.

काही झटके कशानेही जात नाहीत. नवा गेम पहिल्यांदा चालवताना शेडर (चित्र कसं रंगवायचं हे कार्डला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात, तेव्हा अडखळतो. थोडं खेळलं की बरंचसं निवळतं. ग्राफिक्स कार्डची मेमरी भरली असेल तर टेक्स्चरचं (वस्तूंवरच्या पोताच्या चित्रांचं) सेटिंग एक पायरी खाली आणा. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या. ऑनलाइन गेममध्ये माणसं मागे-पुढे उड्या मारताना दिसत असतील तर तो दोष इंटरनेटचा आहे.

आणि कधीतरी एखादं सेटिंग टाकाल आणि पडदा काळाच राहील. घाबरू नका. एक-दोन मिनिटं थांबा, रॅमचं नवं सेटिंग जुळवून बघताना मदरबोर्डला वेळ लागतो, डीडीआर५ ला तर जास्तच. बरेच मदरबोर्ड दोन-तीनदा अपयश आलं की स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. नाही आलं तर मेन स्विच बंद करा, वायर काढा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. बायोस जसं दुकानातून आलं तसं होतं. मग रॅमचं प्रोफाइल पुन्हा चालू करायला मात्र विसरू नका. भाच्याने बायोसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय, आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे: खाच २ आणि ४, रॅम ३२००, कर्व्ह उणे १५.